तिवईवरचा शब्द

दवाखाना आणि घर यांच्यामध्ये एक जिना होता, आणि या घराण्याचे निम्मे निर्णय त्या जिन्यावरच होत आले होते. वर कुटुंब राहत असे, खाली रोगी येत. जिन्यावर उभा असलेला माणूस मात्र त्या वेळेपुरता ना धड घरातला असे, ना धड दवाखान्यातला. म्हणून मनातले बोलायला ती जागा सोयीची होती. कटासाठी तर विशेषच. भरदुपारी निरोप मिळताच धाकटा बांधकामावरून बुटांवरच्या सिमेंटसकट धावत आला, तेव्हा वहिनी तिसऱ्या पायरीवर त्याची वाटच पाहत उभ्या होत्या.

"भाऊजी, बूट नंतर काढा. आधी ऐका."

"कोण आजारी आहे? दादा?"

"अजून कुणी नाही. सकाळी आरोग्याधिकारी येऊन गेले. फाटकाबाहेरूनच बोलले, आत पाऊल टाकलं नाही. प्रत्येक दवाखान्यामागे एक डॉक्टर हवाय त्यांना, गोदीवरच्या गोदामात. दिवेलागणीला गाडी येणार. कोण येणार ते तुमचं तुम्ही ठरवा, म्हणाले. आणि आत गेलेला माणूस साथ संपेपर्यंत बाहेर यायचा नाही."

ते गोदाम धाकट्याने पाहिले होते. नुसते पाहिले नव्हते, मालाच्या त्या अवाढव्य कोठीत खाटांच्या ओळींमध्ये फळ्यांचे आडोसे त्याच्याच माणसांनी ठोकले होते. लोकांनी या रोगाला 'कोंडताप' असे नाव दिले होते, कारण त्यात ताप चढता चढता गळा आतून सुजे आणि श्वास कोंडे. आडोसे ठोकून झाले त्याच सुमारास त्याचा रंगारी, जो शिडीवर चढला की उतरेपर्यंत शीळ घालत असे, त्याच खाटांपैकी एकीवर जाऊन पडला होता. तेथे एक डॉक्टर भिंतीला टेकून उभ्याउभ्या झोपलेला धाकट्याने पाहिला होता. त्याच्या हातातला कप मात्र सरळ होता, त्यातला एक थेंबही सांडला नव्हता. ते दृश्य त्याने घरात कुणाला सांगितले नव्हते.

"म्हणजे दादा किंवा खारू," तो म्हणाला.

खारू म्हणजे दादाची आणि वहिनींची एकुलती एक मुलगी. लहानपणी दोन्ही हातांत खाऊ धरून कुरतडत बसे, म्हणून तिला हे नाव पडले. डॉक्टर होऊन ती आजोबांच्या, म्हणजे आप्पांच्या, दवाखान्यात बसू लागली तरी ते सुटले नव्हते.

"दादा जायचं म्हणतात, पोरगी जायचं म्हणते, आणि आप्पा सकाळपासून स्वतःची पिशवी भरून बसलेत," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी आवाज खाली आणला. "भाऊजी, खारूला लहानपणी दमा होता. आठवतं ना?"

"केव्हाच गेला की तो."

"गेला हे कुणाला ठाऊक? तिवईवर बसवून तुमच्या दादांनी नुसतं म्हटलं, छातीत अजून घरघर आहे, की विषय मिटला. तिवईवरच्या शब्दाला ती उलटून बोलायची नाही. ते तयार झालेत. तुम्ही फक्त बोलणं फिरवत फिरवत तिवईपाशी नेऊन सोडा. तेवढं तुम्हाला येतं."

"दादा तयार झाला? खोटं बोलायला?"

"मी रडले असते तर नाही म्हणाले असते. मी इथंच जिन्यावर नुसती गप्प बसले."

धाकट्याने वहिनींच्या तोंडाकडे पाहिले आणि मान डोलावली. त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांचे मौन हे या घरात दुर्मिळ औषधासारखे होते. त्याची मात्रा दादाला किती लागू पडली असेल, हे त्याला उमगले.

आता तिवईविषयी सांगायला हवे. दवाखान्याच्या खिडकीशी एक तीन पायांची लाकडी तिवई होती. आप्पांच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या डॉक्टरांनी, ती बनवून घेतली होती आणि इतक्या पिढ्यांचे रोगी तिच्यावर बसून गेले होते की तिची बैठक मधोमध खोलगट झाली होती. थोरल्यांचा नियम एकच होता, पण तो दुधारी होता. तिवईवर बसला तो रोगी. मग तो बाप असो, सासरा असो की नगराचा धनी. त्याने वाद घालायचा नाही, तपासणाऱ्याचा शब्द शेवटचा. आणि तो शब्द शेवटचा असल्यामुळेच तपासणाऱ्याने तिवईपाशी खोटे बोलायचे नाही, दिलाशासाठीसुद्धा नाही. थोरल्यांनी स्वतःच्या सख्ख्या भावाला तेथे बसवून त्याचा आजार बरा होण्यातला नाही हे तोंडावर सांगितले, आणि मग वर जाऊन रात्रभर त्याचे पाय चेपले. ही हकिकत घरातल्या पोरासोरांना पाठ होती. वहिनी मात्र लग्न होऊन आल्यापासून त्या तिवईवर एकदाही बसल्या नव्हत्या. "या घरात शेवटचा शब्द मला लागतो," असे त्या हसून सांगत, "म्हणून मी आजारीच पडत नाही."

धाकटा जिना उतरून खाली आला, तो औषधांच्या खोलीतून एक हात बाहेर आला आणि त्याला आत ओढून घेऊन गेला. खारू उकळत्या पाण्यातून चिमट्याने उपकरणे काढत होती. वाफेने तिचे केस कपाळाला चिकटले होते.

"काका, आईनं तुला जिन्यावर धरलं होतं ना? काय म्हणाली?"

"बूट काढा म्हणाली."

"खोटारडा. बूट तर पायातच आहेत." तिने चिमटा खाली ठेवला. "ऐक. बाबांच्या हृदयात एक फूस आहे. पडद्यातून रक्त जाताना हलका आवाज येतो, तरुणपणच्या तापानंतर राहिलेला. त्यानं काही बिघडत नाही. पण मी म्हटलं की ती वाढलीय, तर? पन्नाशीपुढच्या माणसांना हा ताप फार जड जातोय, काका. बाबा तिथं गेले तर..." वाक्य पुरे न करता तिने एक कात्री उचलली आणि पुसलेलीच पुन्हा पुसली. "तू एवढंच कर. बोलता बोलता तिवईचा विषय काढ. मी काढला तर आजोबांना वास येईल."

"म्हणजे तिवईपाशी तू खोटं बोलणार?"

"एकदाच. थोरले डॉक्टर मला खायला उठणार नाहीत."

"बरं," धाकटा म्हणाला.

त्याने दोघींनाही होकार दिला होता, आणि आपण हे काय करतो आहोत हे त्याला पुरते कळत होते. किंबहुना, वर्षानुवर्षे या घरातला एकटा बिनडॉक्टर म्हणून टोमणे खाल्लेल्या त्या माणसाला आपल्या अकलेचे प्रथमच कौतुक वाटत होते. बाप मुलीला अपात्र ठरवणार, मुलगी बापाला अपात्र ठरवणार, आप्पांचे वयच त्यांना अपात्र ठरवणार. मग या दवाखान्यातून कोणी जाण्याचा प्रश्नच उरत नव्हता. लोक एका दगडात दोन पक्षी मारतात. हा एका दगडात दोन पक्षी वाचवायला निघाला होता. शीळ घालणाऱ्या रंगाऱ्याचे मग काय, हा विचार एकदा डोकावून गेला. त्याने त्यावर घाईघाईने फळी ठोकली.

दुपारी दवाखाना बंद असे. रोग्यांनी बसायच्या बाकांवर आज घर बसले. आप्पा खिडकीशेजारच्या खुर्चीत होते, मांडीवर भरलेली पिशवी. दादा टेबलाला टेकून उभा. खारू औषधांच्या कपाटाशी. वहिनींनी मुद्दाम दाराजवळची जागा घेतली होती.

"आधी मुळातला प्रश्न," धाकट्याने सुरुवात केली. "जायलाच हवं, असं कुणी ठरवलं? आग लागली तर गवंडी पळतो. त्याला कुणी भेकड म्हणत नाही. डॉक्टरनंच का म्हणून जळायचं?"

"गवंड्याच्या दारावर पाटी नसते, आग लागल्यास इथं या म्हणून," आप्पा म्हणाले. "आपल्या दारावर आहे. पाटीखाली बसून इतकी वर्षं लोकांचा मान घेतला. नमस्कार घेतले. आता पाटी उलटी करून ठेवायची?"

"मान घेतला म्हणून जीव द्यायचा?"

"जीव द्या असं कोण म्हणतंय? जीव सांभाळून जा. पण जा."

"आणि इथले रोगी?" वहिनी म्हणाल्या. "दिवस भरत आलेल्या बायका आहेत, साखरेची औषधं घेणारे म्हातारे आहेत. साथ आली म्हणून ते थोडेच थांबणार आहेत! सगळेच गोदामात जाऊन बसलात तर त्यांनी कुणाचं दार वाजवायचं?"

"म्हणून तर एकच मागितलाय," दादा म्हणाला. "एकानं जायचं, एकानं राहायचं. राहणं हेही काम आहे, पळणं नव्हे."

"मग मीच जातो," आप्पा पिशवीवर हात ठेवून म्हणाले. "तुम्ही दोघं इथलं बघा. माझं बघून झालंय सगळं."

"आजोबा, तुम्हाला छातीतलं ऐकू येत नाही."

ते खरे होते. आप्पांना माणसांचे बोलणे नीट ऐकू येई. पण नळी कानाला लावली की पलीकडच्या फुप्फुसातला बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नसे. ज्या दिवशी हे त्यांच्या लक्षात आले त्या दिवशीच त्यांनी खुर्ची सोडली होती.

"सगळ्यांच्याच छातीत ऐकायचं असतं असं नाही, पोरी. काहींचा नुसता हात धरायचा असतो. हात धरायला कान लागत नाहीत."

मग वहिनी म्हणाल्या, "आणि तुमचा हात कोण धरणार, आप्पा? तुम्ही गेलात तर पहिल्याच दिवशी एक खाट तुम्हालाच लागेल. वाढायला गेलेला माणूस पानावरच बसला म्हणायचा!"

आप्पा हसले आणि त्यांनी पिशवी मांडीवरून उतरवून पायाशी ठेवली. हट्टी होते, पण हिशेबी होते. ओझे होण्यातली नामुष्की त्यांना कळत होती.

"मग राहिले दोघं," धाकटा म्हणाला, आणि आपला आवाज शक्य तितका साधा ठेवत त्याने पुढचे शब्द टाकले, "आणि भांडत कशाला बसायचं? तिवई आहे की. दोघांनी एकमेकांना तपासा. ज्याच्या शरीरात खोट निघेल तो राहील."

"चालेल," दादा म्हणाला.

"चालेल," खारूही म्हणाली, त्याच श्वासात.

आप्पांनी आधी मुलाकडे पाहिले, मग नातीकडे, मग धाकट्याकडे. आणि धाकट्याला वाटले की या म्हाताऱ्याचे कान गेले असतील, नाक शाबूत आहे. पण आप्पा इतकेच म्हणाले, "कोण आधी?"

"बाबा," खारू म्हणाली. "शर्ट काढा."

दादा तिवईवर बसला. बसताच तो लहान झाला. धाकट्याने आपल्या थोरल्या भावाला आयुष्यभर त्या तिवईच्या पलीकडे पाहिले होते, नळी गळ्यात घालून, हुकूम सोडताना. आता तो उघड्या पाठीने, खांदे जरा पुढे काढून बसला होता, आणि त्याच्या छातीवरचे केस पांढरे होते. खारूने नळी कानांना लावली. तिचे थंड टोक तिने आधी आपल्या तळहातावर धरून उबवले. तेवढ्याने धाकट्याच्या डोळ्यांसमोरून खाऊ कुरतडणारी ती पोर नाहीशी झाली. तिच्या जागी एक डॉक्टर उभी होती, आणि ती समोरच्या माणसाची मुलगी आहे की नाही याचा तिच्या चेहऱ्यावर मागमूस नव्हता.

तिने पाठ ऐकली. छाती ऐकली. मग डाव्या बाजूला, खाली, एका जागी ती थांबली; आणि थांबूनच राहिली. पलीकडे औषधांच्या खोलीत भांड्यातले पाणी तेवढे खदखदत होते. धाकट्याला ठाऊक होते की हीच ती जागा. आता एकच शब्द. 'वाढलीय.' तो खरा की खोटा हे या खोलीत कोण तपासणार? आप्पांचे कान नव्हते. त्याला आणि वहिनींना त्या नळीतले ओ की ठो कळत नव्हते. दादा रोगी होता. रोग्याने वाद घालायचा नसतो.

"हृदयात फूस आहे," खारू म्हणाली.

वहिनी बाकावरून अर्ध्या उठल्या. नवरा राहिला तर मुलगी जाणार, हे त्यांना त्या एका वाक्यात कळून चुकले होते.

"जुनीच आहे," खारूने पुढे सांगितले. तिचा आवाज सपाट होता, कोणी वजन ठेवून दाबल्यासारखा. "वाढलेली नाही. फुप्फुसं साफ आहेत. नाडी चांगली आहे. माणूस कामाला योग्य आहे."

तिने नळी कानांतून काढली. दादा उठला, शर्ट न घालताच त्याने तिच्याकडे हात पुढे केला, आणि तिने आपली नळी त्याच्या हातात दिली. मग ती तिवईवर बसली.

आता दादाची पाळी. याने तर जिन्यावर शब्द दिला होता. वहिनींची नजर त्याच्यावर अशी खिळली होती की दुसरा कोणी असता तर भाजून निघाला असता.

"खोल श्वास घे," तो म्हणाला. "सोड. पुन्हा घे. पुन्हा."

तो ऐकत राहिला. पाठीचा एकेक भाग, वरून खाली, डावा मग उजवा. एवढ्या वेळात त्याने तीन रोगी तपासून बाहेर पाठवले असते. धाकट्याला हळूहळू उमगले की हा माणूस ऐकत नाही, शोधतो आहे. मुलीच्या छातीत कुठे तरी, एखाद्या कोपऱ्यात, लहानपणची ती घरघर थोडीशी तरी उरली असावी, म्हणजे खरे बोलूनही तिला वाचवता येईल, म्हणून तो तिचे सबंध फुप्फुस धुंडाळतो आहे. डोळे मिटलेले होते. कपाळावर घाम होता.

"पुन्हा घे," तो म्हणाला. आणि मग, फार हळू, "साफ आहे."

"काय?" वहिनी म्हणाल्या.

"साफ आहे. कुठेच काही नाही. इतकी साफ छाती मी बऱ्याच दिवसांत ऐकलेली नाही."

धाकटा बाकावर बसला होता, तो बसूनच राहिला. त्याचा धंदा विटांचा आणि गिलाव्याचा. गिलाव्याआड किती लोखंड घातले ते बांधणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि एकदा रंग चढला की कोणी विचारायलाही येत नाही, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? वाद हा त्याचा दुसरा धंदा. आणि त्या दुपारी त्याने रचलेला वाद बिनतोड होता. फक्त दोन माणसांनी दोन लहानसे खोटे शब्द उच्चारायचे होते, तेही प्रेमापोटी, तेही जेथे पकडणारा कोणी नव्हता. बाप मुलीला वाचवू शकत होता. मुलगी बापाला वाचवू शकत होती. दोघेही त्यासाठीच तेथे आले होते, आणि दोघांच्याही तोंडून ते निघाले नाही. त्याला जत्थ्याने येणारे शौर्य ठाऊक होते, ज्याला टाळ्या मिळतात. हे काही निराळेच होते. कानाला लावलेल्या रबरी नळीच्या दुसऱ्या टोकाला जे आहे तेच बोलायचे, त्याहून तसूभर अधिक नाही आणि उणेही नाही, मग त्याने आपलेच काळीज फाटो. हे बळ कोणत्या खाणीतून येते, ते त्याला कळेना. ज्या घरात जन्मलो ते घर आपण आजवर बाहेरूनच पाहत होतो, असे त्याला वाटले.

"तुम्ही कबूल केलं होतंत," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या.

"जिन्यावर केलं होतं," दादा म्हणाला. "इथं जमलं नाही."

खारूने मान वळवली. "म्हणजे बाबा, तुम्हीसुद्धा..." आणि मग तिचे डोळे सावकाश धाकट्याकडे फिरले. "काका!"

"धाकट्या," आप्पा म्हणाले, "दोघींनाही हो म्हणालास?"

"म्हणालो."

"म्हणजे या घरातून कुणीच जायला नको?"

"हो."

आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अरे गाढवा! डॉक्टर झाला नाहीस तेच बरं झालं. एका दिवसात सगळं नगर अपात्र ठरवलं असतंस!" हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि मग ते पुसणे जरा लांबले.

"मग आता?" वहिनींनी विचारले. "दोघंही साफ. दोघंही योग्य. आता काय, चिठ्ठी टाकायची?"

दादा शर्टाची बटणे लावत होता. एक बटण त्याने चुकीच्या काजात घातले, काढले, पुन्हा घातले.

"खारू," तो म्हणाला, "गळा सुजलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत नळी घालायची झाली, तर तुझा हात बसलेला आहे?"

"आहे, बाबा. मोठ्या रुग्णालयात शिकाऊ होते तेव्हा रोजच घालत होते."

"सूज असताना?"

"सूज असतानाही."

"मी शेवटची केव्हा घातली ते मला आठवत नाही," दादा म्हणाला. "इथे येणाऱ्यांना लागत नाही. माझा हात विसरलाय." तो टेबलापाशी जाऊन उभा राहिला, पाठ सर्वांकडे करून. "दुपारभर आपण एकाच गोष्टीचं बोलतोय, आपल्यातलं कोण वाचावं. मीही तेच. तिथे जे पडलेत त्यांना कोण हवंय, हे एकानंही विचारलं नाही. मी गेलो तर चांगला दिसेन. बापानं मुलीला मागे ठेवलं, लोक नाव काढतील. ती गेली तर माणसं जगतील."

"अहो!" वहिनी म्हणाल्या.

"ती जाईल. मी इथलं बघेन. तिचेही रोगी बघेन."

"आणि तुम्ही तिचे कोण?" वहिनी उठून उभ्या राहिल्या. "हे बोलताना तुम्ही तिचे कोण, एवढं सांगा मला!"

दादाने वळून पाहिले. त्याच्या चेहऱ्याकडे धाकट्याला पाहवेना.

"वर गेलो की सांगतो," तो म्हणाला. "इथे विचारू नकोस."

खारू अजून तिवईवरच होती. तपासणाऱ्याचा शब्द शेवटचा. तिने नुसती मान डोलावली.

पुढचा वेळ पाण्यासारखा गेला. वहिनींनी पिशवी भरली. भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. मुखपट्टीत अडकू नयेत म्हणून खारूचे केस त्यांनी इतके घट्ट बांधले की ती "आई, भुवया वर चढल्या गं," म्हणाली, तरीही त्यांनी गाठ सैल केली नाही. आप्पांकडून काही मोठे ऐकायला मिळेल अशी धाकट्याची अपेक्षा होती, पण ते नातीच्या गालावर बोट ठेवून एवढेच म्हणाले, "वेळेवर जेव. उपाशी डॉक्टर चिडका होतो आणि चिडक्या डॉक्टरला कुणी खरं दुखणं सांगत नाही."

गाडी आली तेव्हा रस्त्यावरचे दिवे नुकते लागत होते. गाडीवाला दार उघडून दूर उभा राहिला. खारूने आईला मिठी मारली. वहिनी खांबासारख्या ताठ उभ्या होत्या, पण त्यांची बोटे मुलीच्या पाठीवर पांढरी पडेपर्यंत रुतली होती. बापलेकीची गळाभेट झाली नाही. दादाने तिच्या गळ्यातली नळी सरळ केली.

धाकटा पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेला. "खारू, मला माफ कर. मी आपला..."

"काका, तुझा तो रंगारी कुठल्या बाजूला आहे?"

"दारातून शिरलीस की डावीकडे. दुसऱ्या आडोशाआड."

"शीळ घालतो तोच ना?"

"घालायचा."

"बघते," ती म्हणाली. एखाद्या कामाची जबाबदारी घ्यावी तसे म्हणाली, आणि गाडीत चढली. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती खिडकीतून मागे पाहत नव्हती; समोर पाहत होती, जसे कामाला निघालेले माणूस पाहते. धाकट्याने शेकडो भिंती उभ्या केल्या होत्या. इतके सरळ उभे राहिलेले काही आपण आजवर पाहिले नाही, असे त्याच्या मनात आले.

तो परत आला तो दवाखान्यात. संध्याकाळच्या रोग्यांची वेळ झाली होती. बंद दाराबाहेर माणसे एकमेकांपासून अंतर राखून उभी असल्याचे काचेतून दिसत होते. दादा हात धूत होता, कोपरापर्यंत साबण लावून, सावकाश. आप्पा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. दार उघडायला म्हणून धाकटा पुढे झाला, इतक्यात जिन्यावर पावले वाजली.

वहिनी खाली आल्या. त्यांनी कोणाकडे पाहिले नाही. त्या सरळ खिडकीशी गेल्या, पदर सावरला, आणि तिवईवर बसल्या.

आप्पांनी डोळे उघडले. दादाने नळ बंद केला. आयुष्यात प्रथमच ती बाई तेथे बसली होती, आणि त्या खोलगट लाकडावर तिचे बसणे असे दिसत होते जणू ती जागा इतकी वर्षे तिच्याचसाठी राखून ठेवलेली होती.

"काय होतंय?" दादाने विचारले. रोग्याला विचारतात तसेच विचारले. दुसरे कसे विचारावे हे त्याला सुचले नसावे.

"मला काही होत नाही," वहिनी म्हणाल्या. "मी मुद्दाम इथे बसलेय. वर विचारलं असतं तर तुम्ही मला काहीतरी गोड सांगितलं असतंत. ती परत येईल का?"

दादा तिच्यासमोर उभा राहिला. हातांवरून पाणी निथळत होते. धाकट्याला वाटले, आता तरी म्हण. आता तरी 'येईल' म्हण. यात कोणाचे काय जाते? शब्द अवघा तीन अक्षरांचा. पण त्याच वेळी त्याला कळले होते की तो असे म्हणणार नाही. आणि हेही कळले होते की वहिनी तेथे येऊन बसल्या त्या त्याचसाठी. गोड खोटे त्यांना जिन्यावर, वर, कोठेही मिळाले असते.

"मला माहीत नाही," दादा म्हणाला.

वहिनींचे ओठ उघडले. इतकी वर्षे या घरात शेवटचा शब्द ज्यांचा होता, त्या काही म्हणणार असे वाटले. मग त्यांनी ओठ मिटले. तपासणाऱ्याचा शब्द शेवटचा होता, आणि त्यांनी तो तसाच राहू दिला.

थोड्या वेळाने त्या उठल्या. टेबलावरचे फडके घेऊन त्यांनी तिवई पुसली, जंतुनाशक लावून, पुढच्या रोग्यासाठी, बैठकीच्या खोलगट भागापासून तिन्ही पायांपर्यंत. आणि जिन्याकडे न वळता त्या दार उघडायला गेल्या.